वाळूवरच्या विश्वचषकाची पात्रता: निर्णायक सामना नेमका कोणता?

पंचगंगाघाट (धागाकर्ते)

नमस्कार मंडळी.

मे २०२५ मध्ये सेशेल्स येथे झालेल्या फिफा बीच सॉकर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलने बेलारूसवर ४-३ अशी मात केली आणि फिफाच्या काळातले आपले सातवे विजेतेपद पटकावले. आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झाली नाही. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) लीग आणि पेठापेठांमधली ईर्षा; वाळूवरच्या खेळाला त्यात अजून जागा मिळालेली नाही. तरीही ज्यांनी ते सामने पाहिले त्यांच्याकडून एक शंका वारंवार ऐकू येते. ज्या बेलारूसला समुद्रकिनाराच नाही तो अंतिम फेरी गाठतो आणि सात हजार किलोमीटरहून लांब किनारा असलेला भारत या स्पर्धेत आजवर एकदाही दिसलेला नाही, याचा हिशेब कसा लावायचा? या शंकेचे बरेचसे उत्तर पात्रतेच्या पद्धतीत दडलेले आहे असे माझे मत आहे, म्हणून ती पद्धत जरा तपशिलात मांडतो.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. १९९५ पासून ब्राझीलमध्ये वाळूवरच्या फुटबॉलची जागतिक स्पर्धा दरवर्षी भरत असे आणि २००४ पर्यंतच्या दहांपैकी नऊ स्पर्धा यजमानांनीच जिंकल्या. २००५ मध्ये फिफाने ही स्पर्धा आपल्या हाती घेतली. कोपाकबानाच्या किनाऱ्यावर झालेला तो पहिला विश्वचषक एरिक कॅन्टोनाच्या मार्गदर्शनाखालच्या फ्रान्सने पोर्तुगालला पेनल्टींवर हरवून जिंकला. त्या वर्षी बारा संघ होते, २००६ पासून सोळा झाले. २००९ पर्यंत दरवर्षी आणि त्यानंतर दोन वर्षांनी एकदा असा क्रम ठरला. २०२३ ची स्पर्धा लांबून दुबईत फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली, त्यामुळे सेशेल्सची स्पर्धा अवघ्या पंधरा महिन्यांत आली.

आता मुख्य मुद्दा. सेशेल्सला गेलेल्या सोळा संघांपैकी फक्त यजमानांना थेट प्रवेश होता. उरलेल्या पंधरा जागा खंडनिहाय वाटलेल्या होत्या: युरोपला चार, आशियाला तीन, दक्षिण अमेरिकेला तीन, आफ्रिकेला यजमानांव्यतिरिक्त दोन, उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन मिळून दोन, आणि ओशनियाला एक. गतविजेत्याला राखीव जागा नाही. यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की बहुतेक खंडांत या जागांसाठी एका ठिकाणी भरणारी आठ-दहा दिवसांची एकच स्पर्धा होते. आशियाची स्पर्धा मार्च २०२५ मध्ये थायलंडच्या पट्टायात झाली, आफ्रिकेची ऑक्टोबर २०२४ मध्ये इजिप्तच्या हुरघाडात, दक्षिण अमेरिकेची चिलीच्या इकीकेमध्ये, युरोपची स्पेनमधल्या काडिझमध्ये. मोठ्या फुटबॉलमध्ये दोन-दोन वर्षे घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर चालणारी पात्रता फेरी इथे नाही.

याचा परिणाम मला फार रंजक वाटतो. जागा किती आहेत यावरून त्या खंडातला खरा जीवन-मरणाचा सामना कोणता हे ठरते. ओशनियाला एकच जागा असल्यामुळे तिथे अंतिम सामना जिंकावाच लागतो. दोन जागा असलेल्या आफ्रिकेत उपांत्य फेरी पार केली की तिकीट हातात पडते आणि अंतिम सामना मानाचा तेवढा उरतो. आशियाच्या तीन जागांची गंमत मात्र वेगळीच आहे. उपांत्य फेरीचे दोन विजेते पात्र ठरतात आणि तिसरी जागा तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीतून भरली जाते, म्हणजे एरवी ज्या सामन्याला अर्धे स्टेडियम रिकामे असते आणि ज्यात प्रशिक्षक राखीव खेळाडूंना संधी देऊन मोकळे होतात, तोच सामना इथे सर्वांत चुरशीचा ठरतो. पट्टायात इराण आणि ओमान अंतिम फेरीत जाऊन निर्धास्त झाले होते. जपानला मात्र उपांत्य पराभवाची निराशा बाजूला ठेवून पुन्हा मैदानात उतरावे लागले आणि तो सामना जिंकूनच सेशेल्सचे विमान पकडता आले. जो संघ उपांत्य सामना हरल्यावर लगेच सावरू शकतो त्याला ही पद्धत झुकते माप देते.

आता तुमची मते वाचायला आवडतील. माझे म्हणणे एवढेच, की ही वाट मुळात आखूड आहे. आशियात सोळा संघांच्या स्पर्धेत गटातून वर येऊन उपांत्यपूर्व सामना जिंकलेला संघ विश्वचषकापासून फक्त एका विजयावर उभा असतो. मोठ्या फुटबॉलमध्ये भारताला इतकी आखूड वाट कधीच मिळणार नाही.


लेफ्टआउट

धागा उत्तम आहे, पण निष्कर्षाशी सहमत होता येत नाही. वाट आखूड आहे म्हणजे ती न्याय्य आहे असे होत नाही. दोन वर्षांची मेहनत एका आठवड्यावर लावायची, त्यात मुख्य गोलकीपरला पहिल्याच सामन्यात दुखापत झाली, गटवारी अवघड आली किंवा उपांत्यपूर्व फेरीत इराण समोर आला, की सगळे संपले. आपल्या नॉकआउट स्पर्धांत हे दरवर्षी दिसते. लीगमध्ये वरच्या स्थानावर असलेला संघ नॉकआउटच्या पहिल्या सामन्यात टायब्रेकरवर घरी जातो आणि मग वर्षभर पेठेत तोच विषय चालतो. विश्वचषकासारख्या स्पर्धेची पात्रता अशी सुरी-टोकावर ठेवणे योग्य वाटत नाही.


पंचगंगाघाट

लेफ्टआउट, तुमचा आक्षेप रास्त आहे आणि त्याला इतिहासाचीही साथ आहे. पोर्तुगाल हा या खेळातला पहिल्या फळीतला संघ, पण २०१३ च्या ताहितीतल्या विश्वचषकाला तो पात्रच ठरला नाही. पुढच्याच म्हणजे २०१५ च्या स्पर्धेत यजमान म्हणून थेट प्रवेश मिळाला आणि एस्पिन्योमध्ये त्याने विजेतेपद जिंकले. स्वित्झर्लंड २०२१ मध्ये मॉस्कोत तिसरा आला आणि नंतरच्या दोन्ही विश्वचषकांत दिसला नाही. पहिला विजेता फ्रान्स तर २००८ मध्ये मार्सेलीत यजमान होता, त्यानंतर आजतागायत परतलेला नाही. युरोपात दर्जेदार संघ अनेक आणि जागा चार, त्यामुळे तिथली पात्रता फेरी प्रत्यक्ष विश्वचषकापेक्षा कठीण आहे असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

मात्र दुसरी बाजूही पाहायला हवी. या खेळात संघ बारा जणांचा असतो आणि बहुतेक देशांच्या महासंघांकडे त्यासाठी वेगळा मोठा निधी नसतो. घरचे-बाहेरचे सामने दोन वर्षे खेळायचे म्हटले तर मॉरिटानिया, ताहिती किंवा ओमान यांच्यासारख्यांचा विमानखर्चच त्यांना बाहेर ठेवेल. एकाच ठिकाणी आठ-दहा दिवस खेळायचे असल्यामुळे लहान देशांना निदान उतरता तरी येते. मॉरिटानिया २०२५ मध्ये पहिल्यांदाच विश्वचषक खेळला तो आफ्रिकेच्या स्पर्धेची अंतिम फेरी गाठून. लीगची शिस्त आणि नॉकआउटची संधी यांत मी इथे संधीच्या बाजूने आहे.


शिट्टीवाले काका

मी पूर्वी मैदानावर पंच म्हणून उभा राहत असे, त्यामुळे गुणपद्धतीबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. या खेळात बरोबरी नाही. बारा-बारा मिनिटांचे तीन भाग, त्यातही गोल झाल्यावर किंवा फ्री किक मिळाल्यावर घड्याळ थांबवलेले. तरीही बरोबरी राहिली तर तीन मिनिटांचा जादा वेळ आणि मग पेनल्टी. नियमित वेळेत जिंकले तर तीन गुण, जादा वेळेत जिंकले तर दोन, पेनल्टींवर जिंकले तर एक. हरणाऱ्याच्या पदरात मात्र कोणत्याही परिस्थितीत शून्यच.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. समजा एखादा संघ गटातले तिन्ही सामने पेनल्टींवर जिंकला. तो अपराजित आहे, तरी त्याचे गुण तीन. दुसरा संघ एक सामना नियमित वेळेत जिंकून उरलेले दोन दणकून हरला, त्याचेही गुण तीनच. आपल्या लीगमध्ये दुबळा संघ शेवटच्या दहा मिनिटांत बरोबरीवर समाधान मानतो, वेळ काढतो, चेंडू कॉर्नरच्या झेंड्याजवळ घेऊन बसतो. वाळूवर तसे करणाऱ्याचे नुकसान दुहेरी होते. बरोबरी चालू असताना शेवटच्या मिनिटाला आक्रमण करणे हा तिथे धाडसाचा नव्हे तर साध्या हिशेबाचा भाग आहे, कारण त्या एका गोलाची किंमत एक किंवा दोन जादा गुण असू शकते.

नियमांतही आक्रमणालाच झुकते माप आहे. प्रत्येक फाउलला थेट फ्री किक मिळते आणि समोर भिंत उभारता येत नाही. गोल साडेपाच मीटर रुंद आणि मैदान जास्तीत जास्त ३७ बाय २८ मीटर, त्यामुळे आपल्या अर्ध्यातून मारलेली फ्री किकसुद्धा गोलची संधी असते. ओव्हरहेड किक मारणाऱ्या खेळाडूला अडथळा करणे हा फाउल धरला जातो. म्हणूनच २०११ च्या रावेना येथील अंतिम सामन्यात रशियाने ब्राझीलला १२-८ असे हरवले तेव्हा तो आकडा कोणाला छपाईची चूक वाटली नाही.


मिरकरवाडा

मी मूळचा रत्नागिरीचा, सध्या नोकरीनिमित्त उद्यमनगरात. किनाऱ्याचा आणि या खेळाचा संबंध लोकांना वाटतो तितका थेट नाही, म्हणून दोन शब्द.

आमच्याकडची मुले समुद्रावर फुटबॉल खेळतात ती ओहोटीला, पाणी मागे सरकल्यावर उघड्या पडलेल्या ओल्या पट्ट्यावर. ती वाळू इतकी घट्ट असते की तिच्यावरून सायकल चालते आणि चेंडू सरळ घरंगळत जातो. म्हणजे तो नेहमीचाच फुटबॉल झाला, फक्त चपला काढून. विश्वचषकातले मैदान त्याच्या अगदी उलट असते: कोरडी, चाळलेली, किमान चाळीस सेंटिमीटर खोल वाळू. तिच्यात पाय घोट्यापर्यंत रुततो. जमिनीवरून दिलेला पास दोन-तीन मीटरवर खड्ड्यात अडकतो किंवा उंचवट्यावर आपटून भलतीकडे उडतो. म्हणून हे खेळाडू चेंडू जमिनीवर ठेवतच नाहीत. पायाच्या बोटांनी वाळूसकट चेंडू उचलायचा, हवेत ठेवायचा, छातीवर घ्यायचा, गोलकीपरच्या हातून थेट पुढच्याच्या डोक्यावर टाकायचा. ती कोरडी वाळू आमच्याकडेही भरतीच्या रेषेच्या वर, सुरूच्या बनापाशी असते आणि तिथे कोणी खेळत नाही, कारण दहा मिनिटांत पोटऱ्या भरून येतात.

तेव्हा किनारा असणे हे भांडवल आहे हा समज सोडून द्यावा. ज्यांच्याकडे खोल वाळूचे कायमचे मैदान आणि त्यावर नेमाने सराव करणारे खेळाडू आहेत, त्यांचा हा खेळ आहे.


पंचगंगाघाट

मिरकरवाडा, तुमचा प्रतिसाद मूळ धाग्यातच असायला हवा होता. त्याला जोड म्हणून काही नावे देतो. स्वित्झर्लंडला समुद्र नाही. २००९ मध्ये दुबईत तो अंतिम फेरीत पोहोचला, ब्राझीलकडून १०-५ असा हरला, आणि त्याच्या डेयान स्टानकोविचने सोळा गोलांसह सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. पॅराग्वेला समुद्र नाही. २०१९ चा विश्वचषक त्याच पॅराग्वेत, राजधानी असुन्सियोनजवळच्या लुके शहरात झाला. २०२१ चा मॉस्कोत झाला आणि मॉस्कोपासून समुद्र किती दूर आहे हे नकाशावर पाहण्यासारखे आहे. तिथे रशियाचा संघ अंतिम सामन्यात जपानला ५-२ असे हरवून जिंकला. २०२२ मधल्या निलंबनामुळे पुढच्या पात्रता फेरीत त्याला उतरताच आले नाही, हा भाग वेगळा.

उलट टोकाला ताहिती. फ्रेंच पॉलिनेशियाची सगळी लोकसंख्या तीन लाखांच्या आत, म्हणजे एकट्या कोल्हापूर शहराहून कमी. पण २०१५ आणि २०१७ अशा लागोपाठच्या दोन विश्वचषकांत हा संघ उपविजेता होता. ओशनियाची एकमेव जागा पूर्वी अनेकदा सॉलोमन बेटांकडे जात असे. २०१३ च्या यजमानपदासाठी ताहितीने तयारी केली, मैदाने झाली, प्रशिक्षण सुरू झाले आणि ती जागा पुढे त्यांनी सोडलीच नाही. यजमानपद मिळाल्यावर उभी राहिलेली व्यवस्था स्पर्धेनंतरही वापरात ठेवली तर काय होते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.


लेफ्टआउट

ताहितीचा मुद्दा मान्य, तरी एक प्रश्न उरतोच. ओशनियाला एक जागा आणि ती बहुतेक वेळा एकाच संघाकडे, तर युरोपात स्वित्झर्लंड आणि फ्रान्स बाहेर. ही वाटणी गुणवत्तेवर नसून भूगोलावर आहे.


शिट्टीवाले काका

भूगोलावर आहे हे खरेच. पण जागतिक स्पर्धेत सगळे जग दिसावे हीही एक गुणवत्ताच मानली पाहिजे. आणि ज्या एका जागेला तुम्ही नाव ठेवता, तिच्यातूनच दोन उपविजेतेपदे आली आहेत.

आणखी एक. पात्रता स्पर्धाच झाली नाही तर काय, हाही प्रसंग येऊन गेला आहे. २०२१ मध्ये साथीमुळे आशियाची स्पर्धा रद्द झाली, तेव्हा २०१९ च्या स्पर्धेतले पहिले तीन संघ, म्हणजे जपान, संयुक्त अरब अमिराती आणि ओमान, तसेच पुढे पाठवले गेले. त्यातला जपान थेट अंतिम फेरीत पोहोचला. मागची कामगिरी अशी अनपेक्षितपणे उपयोगी पडते, म्हणून तिसऱ्या क्रमांकाचा सामना कधीही हलक्यात घेऊ नये असे मी मुलांना नेहमी सांगतो.


सुरतेची स्वारी

भारताची सद्यःस्थिती कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने पहिली राष्ट्रीय बीच सॉकर स्पर्धा २०२३ च्या सुरुवातीला सुरतेत भरवली. केरळ विजेता ठरला, यात नवल नाही. पण अंतिम सामन्यात त्याच्यासमोर पंजाब होता, हे वरच्या चर्चेच्या संदर्भात आवर्जून नोंदवण्यासारखे आहे. त्याच वर्षी गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही हा खेळ होता आणि मे २०२५ मध्ये दीवच्या घोघला किनाऱ्यावर झालेल्या पहिल्या खेलो इंडिया बीच गेम्समध्येही त्याला पदकांचा दर्जा मिळाला.

राष्ट्रीय संघ पट्टायाच्या आशियाई स्पर्धेत उतरला तो २००७ नंतर पहिल्यांदाच. यजमान थायलंड, कुवेत आणि लेबनॉन यांच्या गटातून तो पुढे जाऊ शकला नाही. मधल्या काळात हा खेळ आपल्याकडे राष्ट्रीय पातळीवर जवळजवळ नव्हताच, त्यामुळे निकालाचे मला आश्चर्य वाटले नाही. धागाकर्त्यांनी म्हटल्याप्रमाणे वाट आखूड असेलही, पण तिच्या पहिल्या पायरीवर उभे राहायलाच आपण एवढा काळ घेतला.

स्त्रियांसाठी फिफाचा बीच सॉकर विश्वचषक अजून नाही, याकडेही जाता जाता लक्ष वेधते. २०१९ मध्ये दोहा येथे झालेल्या जागतिक बीच गेम्समध्ये स्त्रियांची स्पर्धा होती आणि ती स्पेनने जिंकली. कोल्हापुरात मुलींचे फुटबॉल आता चांगले रुजते आहे, तेव्हा इथे वाळूचे मैदान झालेच तर त्याच्या वेळापत्रकात मुलींना सकाळचे ऊन चढल्यावरचे उरलेसुरले तास मिळू नयेत एवढी अपेक्षा आहे.


फुलेवाडी नाका

मंडळी, चर्चा वाचताना आनंद होतो, पण पाय जमिनीवर ठेवू या. शहरात नेहमीच्या फुटबॉललाच सरावाची मैदाने पुरत नाहीत. गांधी मैदानात पाऊस पडला की तळे होते, एकाच मैदानावर पहाटे चार-चार संघ वाट पाहत उभे असतात. त्यात वाळूच्या मैदानाचे खूळ कशासाठी? आणि इथल्या खेळाडूने वाळूवर उतरून त्याला पुढे मार्ग तरी कोणता?


पंचगंगाघाट

फुलेवाडी नाका, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे. मार्ग तोच आहे ज्यावरून आपली मुले संतोष करंडकासाठी महाराष्ट्राच्या निवडचाचणीपर्यंत जातात: केएसए, तिथून राज्य संघटना, राज्याचा संघ, राष्ट्रीय स्पर्धा आणि मग राष्ट्रीय शिबिर. फरक गर्दीचा आहे. नेहमीच्या फुटबॉलमध्ये या शहरातून अनिकेत जाधवसारखा एखादा खेळाडू २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापर्यंत जातो, पण त्या वाटेवर देशभरातून हजारो मुले असतात. वाळूवर देशातच नेमाने सराव करणारे खेळाडू फार थोडे आहेत. आपल्या पेठांमधली मुले लहानपणापासून अरुंद जागेत, पाच-पाच जणांत, उसळणाऱ्या चेंडूवर खेळलेली असतात. हवेतला चेंडू पायावर घेणे त्यांना शिकवावे लागत नाही.

पहिल्या प्रश्नाबद्दल: नेहमीचे मैदान काढून तिथे वाळू टाका असे कोणीच म्हणणार नाही. वाळूच्या मैदानाला लागणारी जागा फुटबॉलच्या मैदानाच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतकी असते. ती वेगळी मिळाली तरच हा विचार करावा.


ब्रासवाला

बांधकामाच्या धंद्यात असल्यामुळे मला लगेच वाळूचा हिशेब सुचला, तो देतो. मैदान ३६ बाय २७ मीटरचे धरले आणि चारही बाजूंनी दीड मीटर मोकळी जागा सोडली तर ३९ बाय ३० मीटर होतात. चाळीस सेंटिमीटर खोलीने गुणले की ४६८ घनमीटर, म्हणजे साधारण १६५ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). चार ब्रासचा डंपर धरला तरी चाळीसहून अधिक खेपा झाल्या.

अडचण पैशांपेक्षा वाळूच्या जातीची आहे. नदीतल्या उपशावर निर्बंध आहेत आणि बांधकामावर आता बहुतांशी क्रश सँड वापरली जाते. तिचा कण दगड फोडून केलेला, कोनाकोनाचा असतो. सिमेंटला तो चांगला धरतो, पण अनवाणी पायाला आणि सरपटत अडवणाऱ्या गोलकीपरच्या कोपराला सोलून काढतो. या खेळाला गोल कणाची, धुतलेली आणि चाळलेली वाळू लागते. त्यात खडा, शिंपला काहीही चालत नाही. ती रीतसर परवान्याने मिळणाऱ्या ठिकाणाहूनच आणावी लागेल आणि वाहतुकीचा खर्च वाळूच्या किमतीला मागे टाकेल.

शिवाय तळाशी निचऱ्याची सोय हवी. आपल्याकडचा पाऊस पाहता खाली खडीचा थर, त्यावर जिओटेक्स्टाइल कापड आणि मग वाळू, असे केले नाही तर पहिल्याच जुलैत मैदानाचा चिखल होईल. कडेला भिंतीऐवजी लाकडी किंवा रबरी काठ द्यावा, म्हणजे वाळू बाहेर सांडत नाही आणि पायही फुटत नाही.


मिरकरवाडा

ब्रासवाले, समुद्राची वाळू आणायचा विचार कोणाच्या मनात येण्याआधीच सांगतो, तीही किनाऱ्यावरून उचलता येत नाही. सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे, नियम आडवे येतात.

एक सुचवतो. सुरुवातीला पूर्ण मैदानाचा हट्ट कशाला? तीन विरुद्ध तीन खेळता येईल इतका, २० बाय १२ मीटरचा हौदा केला तर हेच काम त्याच खोलीत साधारण ३४ ब्रासात होते. गोलकीपर, फ्री किक आणि वाळूतून चेंडू उचलण्याचा सराव एवढ्यात नक्कीच होईल. पूर्ण मैदानावरचे सामने खेळायला संघ गोव्याला किंवा आमच्याकडे खाली उतरू शकतो.


फुलेवाडी नाका

३४ ब्रास हा आकडा ऐकल्यावर मात्र बोलणे निदान शक्यतेच्या टप्प्यात आले. आमच्या भागात एका तालमीच्या मागे साधारण एवढीच जागा पडून आहे. सध्या तिथे मंडपाचे बांबू ठेवतात. पदाधिकाऱ्यांशी बोलून मोजमाप घेतो. ब्रासवाले, निचऱ्याच्या थरांचा अंदाजे खर्च वेगळा काढून इथेच टाकता का? आणि काका, गोलची चौकट साडेपाच मीटर रुंद म्हणालात, उंची किती धरायची?


शिट्टीवाले काका

आतल्या कडेपासून मोजून दोन मीटर वीस सेंटिमीटर. ती उंची वाळूच्या पृष्ठभागापासून मोजायची, तळापासून नाही. खांब चाळीस सेंटिमीटर वाळूत जातील हे सुताराला आधीच सांगा.


ब्रासवाला

खडी, कापड आणि मजुरीचे दर घेऊन रविवारपर्यंत टाकतो. जागेची लांबी-रुंदी त्याआधी कळवा.